माझी पत, त्यांची वही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. आजवर आपल्यापुढे आलो तो कवितेच्या निमित्तानं. आज मात्र क्रेडिट कार्डाविषयी बोलणार आहे. हसू नका. या विषयाचं माझं शिक्षण जरा महागात पडलं आहे. तीच फी आपल्यापैकी कुणाला पुन्हा भरावी लागू नये, म्हणून हा विषय घेतला.

गोष्ट २०२२ सालची. वारजे माळवाडीत आम्ही बावीस वर्षं एकाच घरात भाड्यानं राहत होतो. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा, भाडं थोडं वाढायचं, आणि मालकांच्या घरून दिवाळीचा फराळ व आमच्या घरून ईदचा शिरखुर्मा यांची देवाणघेवाण व्हायची. एक दिवस मालक म्हणाले, "आता आम्ही मुलाकडे बंगळूरला राहायला जातोय. फ्लॅट विकायचाय. पहिला हक्क तुमचा. दोन महिने थांबतो." गावाकडच्या जमिनीतला माझा वाटा विकून निम्मी रक्कम उभी राहत होती. उरलेल्या रकमेसाठी मी आणि नुकतीच नोकरीला लागलेली माझी मुलगी, अशा दोघांच्या नावानं कर्ज काढायचं ठरलं.

बँकेतली अधिकारी माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. संगणकाच्या पडद्याकडे बघत ती म्हणाली, "काका, तुमची हिस्टरीच नाही."

मी म्हटलं, "मॅडम, मी बी.ए. हिस्टरी घेऊनच केलंय."

ती हसली नाही. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे आकडा होता उणे एक. शाळेत गणितात मी शून्यापर्यंत जाऊन आलेलो आहे, पण शून्याच्या खाली उतरण्याचा प्रसंग हा पहिलाच. मुलीच्या नावापुढेही तेच. ती तेवीस वर्षांची, मी पन्नाशी ओलांडलेला. बँकेच्या लेखी दोघंही काल जन्मलेले.

मी सांगून पाहिलं, की बावीस वर्षांत एकदाही भाडं थकवलं नाही. विजेचं बिल तारखेच्या आत भरतो. कुणाचा पैसा देणं नाही. ती म्हणाली, "तेच तर ना काका. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, तर तुम्ही फेडता की नाही ते आम्हाला कसं कळणार?" तिचं म्हणणं तर्काला सोडून नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

आणखी एक-दोन ठिकाणी फिरलो. दोन महिन्यांचे तीन झाले. मालकांनी शब्दापेक्षा जास्त वाट पाहिली, त्यांना बोल लावता येणार नाही. फ्लॅट दुसऱ्यानं घेतला. आम्ही चार गल्ल्या सोडून दुसऱ्या भाड्याच्या घरात आलो. जुन्या घराच्या खिडकीतून डुक्करखिंडीकडची टेकडी दिसायची. आता समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसतात.

अब्बांविषयी थोडं सांगायला हवं. ते बारामतीत शिवणकाम करायचे. व्याज घ्यायचं नाही, द्यायचं नाही, आणि होता होईतो उधारीच करायची नाही, हा त्यांचा नेम. आमच्यात रिवाज आहे. जनाज्याच्या नमाजेआधी घरातला एक जण उभा राहून सांगतो, की मयताकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर त्यानं आमच्याकडे यावं, आम्ही ते फेडू. अब्बा गेले तेव्हा हे मी बोललो होतो. कुणीही पुढे आलं नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं, माणसाची पत म्हणतात ती हीच.

पतीचा हा अर्थ बँकेला चालत नाही. ('पत' या शब्दाचं 'पती' हे सामान्यरूप लिहिताना मुद्रितशोधक म्हणून मी अनेकदा अडखळलो आहे. नवऱ्याचा आणि उधारीचा संबंध मराठी व्याकरणानंच जोडून ठेवला आहे, त्याला मी काय करणार?) बँकेची पत वहीत लिहिलेली असते आणि ती वही बँकेकडेही नसते. भारतात अशा वह्या ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल २००० साली स्थापन झाली, म्हणून सगळे या आकड्यालाच 'सिबिल' म्हणतात, जसं वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे. २००५ साली या कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बँका आपल्या कर्जदारांची माहिती यांना कळवतात, त्यावरून ३०० ते ९०० यांच्यामधला एक आकडा तयार होतो. साडेसातशेच्या वर असला की बँकांच्या चेहऱ्यावर हसू येतं.

त्या वहीत काय लिहिलेलं नसतं, ते ऐकण्यासारखं आहे. तुमच्या बचतखात्यात किती शिल्लक आहे, मुदत ठेव किती, सोनं किती, घरभाडं वेळेवर देता का, यातलं काही नसतं. धर्मही नसतो. हे मी मुद्दाम सांगतो. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे, की काही बँका विशिष्ट वस्त्या 'नकारात्मक विभाग' ठरवून तिथे सहजी कर्ज देत नाहीत. पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलणं म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना अशा कोरड्या आकड्याचं थोडं अप्रूप वाटू शकतं. आकड्याला माझं आडनाव कळत नाही. पण ज्याच्याकडे आकडाच नाही, त्याला त्याचा काय उपयोग?

म्हणून मी कार्ड घ्यायचं ठरवलं. कर्जाशिवाय पतीचा इतिहास घडवण्याचा दुसरा सोपा मार्ग सापडला नाही.

कार्ड निवडायला बसलो तर डोळे फिरले. कुणी विमानतळावर फुकट जेवण देतो, कुणी सिनेमाची तिकिटं, कुणी पेट्रोलवर सूट. मी विमानात दोनदा बसलोय, तेही साहित्य संमेलनाच्या खर्चानं. मग एका निवृत्त बँक कर्मचाऱ्यानं, आमच्या सकाळच्या फिरण्यातल्या स्नेह्यानं, सल्ला दिला : "तुम्हाला कार्ड मौजेसाठी हवंय की इतिहासासाठी? इतिहासासाठी हवं असेल तर सगळ्यात कंटाळवाणं कार्ड घ्या."

ते कंटाळवाणं कार्ड म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. ज्याला पगाराची स्लिप नाही, आधीचा इतिहास नाही, त्यालाही ते मिळू शकतं, कारण बँकेच्या हाती ठेव असते. मी पंचवीस हजारांची ठेव ठेवली, वीस हजारांची मर्यादा मिळाली. वर्गणी शून्य. ही वर्गणीची बाब किरकोळ वाटते, पण किरकोळ नाही. खातं जितकं जुनं तितकी पत पक्की. दरवर्षी हजार रुपये मागणारं कार्ड माणूस दोन-तीन वर्षांत वैतागून बंद करतो, आणि तिथेच जुना धागा तुटतो. म्हणून पहिलं कार्ड फुकट असावं आणि कपाटात म्हातारं होऊ द्यावं. 'पहिलं वर्ष फुकट' आणि 'कायम फुकट' यांतला फरकही विचारून घ्यावा. अर्जासोबत एका पानाचं मुख्य माहितीपत्रक देणं रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून बंधनकारक केलं आहे. व्याज, दंड, शुल्क सगळं त्या एका पानावर असतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पानं तपासली. हे पान मात्र तीनदा वाचलं.

आता व्याजाची गोष्ट. बिलाची पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेच्या आत भरली, तर खरेदीवर व्याज लागत नाही. बिलाची तारीख साधून खरेदी केली तर पैसे द्यायला पंचेचाळीस-पन्नास दिवसही मिळतात. मात्र कार्ड घालून यंत्रातून रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. ते मी कधीही करत नाही, आपणही करू नये. आमच्या जाणकारांमध्ये या कार्डांविषयी दोन मतं आहेत. काहींना करारात व्याजाची अट आहे एवढंच खटकतं. काही म्हणतात, वेळेत फेडलं तर हरकत नाही. मी दुसऱ्या मताचा आधार घेतला. ठेवीवर जे व्याज येतं ते घरात वापरत नाही, गरजूला देतो. अब्बांना हे पटलं असतं का? बहुधा नसतं. गृहकर्जाला निघालो होतो तेव्हाही त्यांना पटलं नसतंच. पण त्यांना शिलाई मशीनसाठी कधी बँकेत जावं लागलं नाही, आणि वारज्यात घर घ्यायचं नव्हतं.

ज्याला हा प्रश्न धर्माच्या बाजूनं पडत नाही, त्यानं तो पैशाच्या बाजूनं पाहावा. बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात : एक पूर्ण देणं आणि एक 'किमान देणं'. समजा, बिल वीस हजारांचं आहे आणि किमान देणं पाच टक्के म्हणजे एक हजार. माणूस हजार भरतो आणि सुटलो म्हणतो. पण महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तर सातशे रुपये व्याजाचे, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे एकशे सव्वीस. हजारातले आठशे सव्वीस असे गेले. मुद्दल फिटलं एकशे चौऱ्याहत्तर. साडेतीन टक्के ऐकायला गोड वाटतात. वर्षाचे बेचाळीस होतात. ग्राहक आयोगानं २००८ साली कार्डांचं तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा आपलं रक्षण आपणच करायचं. बँकेला 'पूर्ण रक्कम आपोआप वळती करा' असं लिहून द्यावं. अर्जात त्या शेजारीच 'किमान रक्कम' असाही चौकोन असतो, तिथे खूण करू नये.

हे मी शहाणपणानं सांगतोय खरा, पण घरातच दुसरा प्रयोग चालू होता. मुलीनं त्याच सुमारास कार्ड घेतलं. मर्यादा दीड लाख, रंग काळा, दिसायला देखणं. "अब्बा, तुमच्या कार्डावर तर पॉइंटसुद्धा नाहीत," म्हणाली. फोन आला, मैत्रिणींबरोबर सहल झाली, दीड लाखातले सव्वा लाख वापरून झाले. चार महिने ती किमान रक्कम भरत राहिली. एकदा तारीखही चुकली. पहिलाच आकडा आला तो सहाशे ऐंशीच्या घरात. ती पगारदार, मी छापखान्यातल्या मजकुराच्या चुका काढून पोट भरणारा. आणि माझ्या वीस हजारांच्या कार्डाला सहा महिन्यांनी आकडा लागला तो सातशे चाळीसच्या पुढे. तिनं फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हे कसं काय?"

कसं काय ते सोपं आहे. वही तुमची कमाई पाहत नाही. मर्यादेतलं किती वापरता आणि वेळेवर देता का, ते पाहते. मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत राहावं असा ठोकताळा आहे. म्हणजे माझ्या वीस हजारांतले सहा हजार. माझी औषधं, किराणा आणि महिन्याला एखादं पुस्तक, एवढ्यात मी सहाच्या वर जातच नाही. आणि दर महिन्याला नवनव्या कार्डांसाठी अर्ज करू नयेत. प्रत्येक अर्जाची नोंद वहीत होते, आणि एकामागून एक अर्ज दिसले की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय, असा अर्थ लागतो. आपला आकडा आपण पाहिला तर तो कमी होतो, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे.

मुलीनं त्या वर्षी बोनसमधून कार्ड रिकामं केलं. काळं कार्ड अजून आहे, सहली कमी झाल्या आहेत. एक गोष्ट मात्र तिनंच शोधून काढली, ती सांगतो. माझ्या कार्डावर आईच्या नावाचं पुरवणी कार्ड घ्यावं, असा माझा बेत होता. मुलगी म्हणाली, "त्याचा हिशेब तुमच्याच नावावर लिहिला जाणार. अम्मीचा इतिहास कोराच राहील." तेव्हा बायकोनं आपल्या शिवणकामाच्या पैशातून पंधरा हजारांची ठेव ठेवून स्वतःचं कार्ड घेतलं. घरात सगळ्यात चांगला आकडा सध्या तिचा आहे आणि ती तो कुणाला विसरू देत नाही.

माझा आकडा मध्येच कोसळला. २०२४ च्या पावसाळ्यात पाहिलं तर सहाशेच्या आसपास. अहवाल उघडला, तर माझ्या नावावर एक दुचाकीचं कर्ज, तेही थकलेलं! मी सायकलवाला माणूस. शोध घेतल्यावर उलगडा झाला. त्या कर्जदाराचं नाव आणि माझं नाव एकच, आडनाव शेख, आणि जन्मतारीखही एकच : १ जून. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीच्या श्रोत्यांना याचं नवल वाटणार नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या वर्गात अकरा जणांचा वाढदिवस १ जूनला होता. गुरुजींच्या त्या दौतीचा डाग पन्नास वर्षांनी माझ्या पतीवर पडला.

मी ऑनलाइन तक्रार केली, पॅन क्रमांक वेगळा आहे हे दाखवलं. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्याचा उल्लेख मी पत्रात ठळक केला. सव्विसाव्या दिवशी ते कर्ज माझ्या नावावरून गेलं. पण मी अहवाल पाहिलाच नसता तर? चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळण्याची सोय २०१७ पासून आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो मागवला आहे, हे मी विचारणार नाही. मीही त्याआधी मागवला नव्हता.

माझं आजोळ सुपे. तेच सुपे, जिथे १२ मे १८७५ रोजी शेतकरी सावकारांच्या दारात जमले. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरलं, इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांना सोनंनाणं लुटण्यापेक्षा वह्या आणि कर्जाची खतं हवी होती. ती हाती आली की जाळायची. बी.ए.ला हे वाचलं तेव्हा मला तो निव्वळ राग वाटला होता. दुसऱ्याचं दुचाकीचं कर्ज स्वतःच्या नावावर पाहिल्यावर मला तो नीट कळला. जे वाचता येत नाही, ज्यात काय लिहिलंय ते विचारायची सोय नाही, आणि ज्याच्या जोरावर आपली जमीन जाते, ते जाळण्यावाचून ते दुसरं काय करणार होते? १८७९ च्या कायद्यानं शेतकऱ्याला पावती आणि वर्षाचा लेखी हिशेब मागण्याचा हक्क दिला. म्हणजे सरकारलाही कळलं होतं, की भांडण कर्जाइतकंच वहीशीही आहे. त्यांना चार वर्षं वाट पाहावी लागली. आपल्याला दहा मिनिटं लागतात, तरी आपण बघत नाही.

या वहीचा धाक आता भलतीकडेही पोचला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापूरची बातमी आपण वाचली असेल. ठरत आलेलं लग्न वधूपक्षानं मोडलं, कारण नवऱ्या मुलाचा सिबिल खराब निघाला. छत्तीस गुण जुळवणारा समाज आता नऊशे गुण जुळवू लागला. मला त्या मुलाचं वाईट वाटतं, पण मुलीच्या मामाला मी मूर्खही म्हणणार नाही. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना बजावलं. आणि केवळ आधीचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र घडी घालून थोडा वेळ गच्चीत जाऊन बसलो. आमचा फ्लॅट २०२२ मध्ये गेला होता.

दिवाळीनंतर आम्ही बापलेक पुन्हा बँकेत जाणार आहोत. वारज्यात आता जमेल असं दिसत नाही; शिवण्याच्या पुढे, उत्तमनगरकडे बघतोय. माझ्या वयामुळे मुदत कमी मिळेल, हप्ता मोठा बसेल. ते गणित अजून जुळलेलं नाही. बायको म्हणते, अर्जात तिचंही नाव घाला, तिचा आकडा सगळ्यात चांगला आहे.